वाकळीची पाठ

मराठवाड्यात गोधडीला वाकळही म्हणतात. तिच्या रंगीबेरंगी दर्शनी बाजूचं कौतुक सगळेच करतात. पण इतिहास वाचायचा तर वाकळ उलटी करावी. पाठीच्या अस्तराला मधोमध उभा सांधा दिसतो. तो का आला?

हातमागावर विणकर एका हाताने धोटा फेकतो, दुसऱ्या हाताने झेलतो. कापडाचा पन्हा त्याच्या हातांच्या आवाक्यातच राहतो. लुगड्याचा पन्हा सुमारे सव्वा वार. पांघरुणाला तो अपुरा. मग जुन्या नऊवारी लुगड्याचे सव्वादोन वारांचे चार तुकडे करायचे आणि दोन-दोन शेजारी जोडायचे. एक जोडी खाली, एक वर, मध्ये धडुत्यांचे थर. लुगडे आधीच विरून दंड घातलेले असले, तर हा हिशेब आणखी अवघड!

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 1889 मध्ये सूत व कापडाची गिरणी उभी राहिली. यंत्रमागाला हातांच्या आवाक्याची अट नाही. तरीही जुने कापड वाया घालवायचे नाही ही घरची रीत टिकली, आणि तिच्याबरोबर सांधाही.

इथला हिमरू, पैठणची पैठणी संग्रहालयांत पोचली. रोजचे लुगडे मात्र वाकळीत गेले आणि अंगाखाली झिजले. आता अस्तराला अखंड चादर मिळते. म्हणून घरातली जुनी वाकळ टाकण्यापूर्वी तिची पाठ एकदा पाहावी. आपली आजी काय नेसत होती आणि ते किती पुरवून वापरत होती, हे तिथं टाक्यांनी लिहिलेलं आहे.