येडशीची लहान गाडी आणि तिचा शोधक

उस्मानाबादेला, म्हणजे आजच्या धाराशिवाला, आगगाडीनें जाऊं इच्छिणाऱ्या मनुष्याला जवळजवळ शतकभर येडशीस उतरावें लागे. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणीं स्टेशन नव्हतें. तें बालाघाटाच्या कडेवर वसलेल्या या लहानशा गांवीं होतें. बार्शीकडून पांगरी मागें टाकून रामलिंगाच्या रानांतून डोंगर चढत येणारी ती गाडी रुंदीनें इतकी बेताची असे कीं, मुंबई-मद्रास मार्गावरील गाडीचा सराव असलेल्या उतारूस ती खेळण्यांतली वाटावी. तिच्या वेगाविषयीं थट्टाही पुष्कळ होई. परंतु ही गाडी म्हणजे मोठ्या गाडीची गरिबांसाठीं काढलेली हलकी नक्कल नव्हती. एका विशिष्ट अडचणीवर विचारपूर्वक शोधून काढलेलें तें उत्तर होतें, आणि जगांतील रेल्वे-इंजिनियर एके काळीं त्या उत्तराकडे कुतूहलानें पाहत होते.

अडचण अशी होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रस्ता १८६० सालीं सोलापुरास पोंचला. पण बार्शीची पेठ त्याच्या वाटेवर नव्हती. कापूस, गळिताचीं धान्यें आणि ज्वारी यांची ही मोठी बाजारपेठ स्टेशनापासून सुमारें एकवीस मैल दूर राहिली. त्या स्टेशनाला नांव मात्र 'बार्शी रोड' असें मिळालें. तेंच पुढें कुर्डुवाडी या नांवानें प्रसिद्धीस आलें. पेठेपासून स्टेशनापर्यंतचा सारा माल बैलगाडीनें जाई. काळ्या जमिनींतला पावसाळी रस्ता ज्यानें पाहिला आहे त्याला या एकवीस मैलांचा अर्थ निराळा सांगावयास नको. चाक आंसापर्यंत रुतलें म्हणजे दोन बैलांचें काम चार बैलांनाहि होत नाहीं. तेथें साडेपांच फूट रुंदीचा मोठा रेल्वेमार्ग घालावा, तर एवढ्या वाहतुकीवर त्याचें व्याजहि सुटण्याचा संभव नव्हता.

या प्रश्नानें एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप या तरुण इंग्रज इंजिनियरास पछाडलें. १८५७ सालीं एका शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेल्या या गृहस्थानें क्रू येथील प्रसिद्ध रेल्वे कारखान्यांत उमेदवारी केली, आणि १८८२ सालीं तो इंजिनांचा तपासनीस म्हणून जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरींत हिंदुस्थानांत आला. मुख्य रेल्वेला दुरून दुरून माल आणून देणाऱ्या स्वस्त पूरक रेल्वेमार्गांची या देशास गरज आहे, हें त्याच्या लवकरच ध्यानांत आलें. बार्शीची योजना त्यानें पुढें मांडली. परंतु सरकार, मोठी रेल्वे कंपनी आणि लंडनचे भांडवलदार यांच्यांत ती बरींच वर्षें रेंगाळली. अखेर १८९५ सालीं बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ सालीं कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला.

कॅलथ्रॉपची मूळ कल्पना सांगण्यास सोपी आहे, पण ती सुचण्यास रेल्वे आंतून-बाहेरून माहीत असावी लागते. रूळ किती जड असावा हें साऱ्या गाडीच्या वजनावर ठरत नाहीं. एका आंसावर जास्तींत जास्त किती भार येतो यावर तें ठरतें. त्या काळच्या सामान्य गाडींत इंजिनाचे चालते आंस फार जड आणि मागच्या डब्यांचे आंस त्या मानानें हलके असत. म्हणजे एकट्या इंजिनापायीं मैलोगणती जड रूळ, मोठे पूल आणि भक्कम स्लीपर्स घालावयाचे, आणि इंजिन पुढें निघून गेलें कीं मागून येणाऱ्या डब्यांना त्या मजबुतीचा कांहींच उपयोग नाहीं! घरांतील एका लठ्ठ पाहुण्यासाठीं सगळेच पाट शिसवी करावे, तसाच हा खर्च. कॅलथ्रॉपनें ठरविलें कीं, इंजिन असो कीं डबा असो, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार येतां कामा नये. एवढी मर्यादा पाळली कीं दर यार्डास अवघ्या तीस पौंड वजनाचा रूळ पुरतो.

मात्र मर्यादा घालणें वेगळें आणि ती पाळून काम काढून घेणें वेगळें. इंजिन हलकें केलें तर तें घाट चढणार कसें? त्यावर त्यानें वजन कमी न करतां तें पसरलें. लीड्सच्या किट्सन कंपनीनें बांधलेल्या या इंजिनांना जोडलेलीं आठ चाकें आणि त्यांच्यामागें आणखी चार चाकें होतीं. म्हणजे सहा आंसांवर मिळून तीस टनांचा भार रुळास न दुखवितां नेतां येई. मालाच्या डब्यांचा हिशेब याहून मनोरंजक आहे. चार आंसांच्या डब्याला एकूण वीस टनांची मर्यादा पडली. तेव्हां डबा स्वतः जितका हलका तितका कापूस अधिक. लांकडी चौकटीच्या जाड डब्यांनीं हें साधण्यासारखें नव्हतें. येथें दुसऱ्या एका पेटंटवाल्या शोधकाचें काम उपयोगीं पडलें. लीड्स येथील सॅम्सन फॉक्स यानें पोलादी पत्रा तापवून, दाबयंत्राखालीं एकाच दाबांत त्याला चौकटीचा आकार देण्याची रीत काढली होती. बाष्पपात्रांतील लाटदार पत्र्याच्या भट्टीमुळें त्याचें नांव आधींच झालें होतें. फॉक्सच्या लीड्स फोर्ज कारखान्यांत बार्शीचे डबे तयार झाले. सांधे कमी, रिव्हेट कमी, वजन कमी आणि बळकटी अधिक, असा तो मामला होता. शिवाय मालाच्या डब्यांचा सांगाडा एकाच मापाचा, पंचवीस फूट लांब व सात फूट रुंद ठेवला होता. वरचा भाग तेवढा गरजेप्रमाणें बदलावयाचा.

हीं इंजिनें आणि डबे जहाजावर चढविण्यापूर्वीं लीड्सजवळ न्यूले येथें मुद्दाम रूळ घालून त्यांची परीक्षा घेण्यांत आली, आणि ती पाहण्यास अनेक जाणकार मंडळी जमली. अडीच फुटांच्या मार्गावर एवढा बोजा चालतो याचा पडताळा लोकांना डोळ्यांनीं पाहतां आला. बार्शीच्या गुळाच्या ढेपा आणि कापसाचे गठ्ठे ज्या गाडीनें वाहावयाचे ती यॉर्कशायरच्या कुरणांत पळतांना पाहून त्या मंडळींस काय वाटलें असेल, याची कल्पना करण्यास मौज वाटते.

पुढचा इतिहास वाढत्या मार्गाचा आहे. १९०६ च्या सुमारास एक फांटा पंढरपुरास गेला आणि आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांची गर्दी या लहान डब्यांच्या वांट्यास आली. पूर्वेकडे रूळ बार्शीहून निघून निजामच्या मुलखांत शिरले, घाट चढून येडशीस आले, तडवळें-ढोकीवरून १९११ सालापर्यंत लातुरास पोंचले. १९२७ सालीं पश्चिमेकडचें टोंक मिरजेस भिडलें आणि एकंदर लांबी सुमारें दोनशें मैल झाली. लातूरच्या पेठेची पुढची भरभराट या रुळांवांचून झाली असती असें म्हणणें धाडसाचें होईल. येडशीपुरतें बोलावयाचें तर घाटांतील चढाव आणि वळणें हीच कॅलथ्रॉपच्या हिशेबाची खरी कसोटी होती. सपाट माळावर कोणताहि सिद्धांत चालतो.

एक अडचण मात्र या हुशारीनें मिटविली नाहीं, आणि ती सांगितलीच पाहिजे. कुर्डुवाडीस अडीच फुटांची गाडी संपे आणि साडेपांच फुटांची सुरू होई. तेथें प्रत्येक पोतें व प्रत्येक गांठ एका डब्यांतून काढून दुसऱ्यांत भरावी लागे. रूळ, पूल आणि डबे यांत जी काटकसर झाली तिच्यांतला कांहीं भाग अशा रीतीनें हमालांच्या पाठीवर चढला. शोधाच्या हिशेबांत हा आंकडा सहसा मांडला जात नाहीं. कॅलथ्रॉपला तो दिसत नव्हता असें नाहीं. इंग्लंडांत स्टॅफर्डशायर परगण्यांत १९०४ सालीं सुरू झालेल्या लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याच्या रेल्वेचा तो इंजिनियर होता. तिची रुंदीहि अडीच फूटच. तेथें त्यानें ठेंगण्या वाहक-गाड्या योजल्या; मोठ्या रेल्वेचा भरलेला डबा जसाच्या तसा तिच्यावर चढवावयाचा, अरुंद मार्गानें न्यावयाचा आणि मुक्कामाच्या स्टेशनावर रुंद रुळांच्या तुकड्यावर उतरून ठेवावयाचा. दुधाच्या वाहतुकीस ही सोय झाली. त्या रेल्वेचे डबे नि इंजिनें पाहणाऱ्यास हिंदुस्थानी वळणाचीं वाटत. बार्शीनें स्टॅफर्डशायरला शिकविल्याचें हें उदाहरण दुर्मिळ खरें. पण स्टॅफर्डशायरची ती मार्गिका गरीब खोऱ्यांत असल्यामुळें १९३४ सालींच बंद पडली, आणि बार्शीची मात्र चालत राहिली.

पेटंटाची पद्धत हिंदुस्थानांत तोंवर नवी राहिली नव्हती. १८५६ सालच्या कायद्याखालीं पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग या इंजिनियरानें केला. त्याचा शोध पंखा ओढण्याच्या यंत्राचा होता. साहेबाच्या डोक्यावरील पंखा ओढणाऱ्या नोकराचे हात वाचवावे कीं त्याचा पगार, हें अर्थात् पेटंटाच्या कागदांत लिहावें लागत नसे. बार्शीची गाडी सुरू झाली त्याच दशकांत मुंबईचे शंकर आबाजी भिसे यांनीं वाण्याच्या दुकानांत साखर-तांदूळ आपोआप तोलून देणारें यंत्र योजून लंडनच्या एका शोधकांच्या मासिकाचें बक्षीस मिळविलें. पुढें मुद्रणाचे खिळे ओतण्याच्या यंत्रानें ते विलायतेंत व अमेरिकेंत नांवारूपास आले. इंग्रज शोधक भांडवल घेऊन बार्शीस येतो आणि मराठी शोधक भांडवल शोधीत लंडनास जातो, यांत त्या काळचें सारें अर्थशास्त्र आलें.

कॅलथ्रॉपच्या आयुष्याचा उत्तरार्ध रुळांवर गेला नाहीं. १२ जुलै १९१० रोजीं बोर्नमथ येथें त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, मोटारींच्या प्रसिद्ध जोडनांवांतला, विमानाचें शेंपूट मोडून पडला व ठार झाला. कोसळणाऱ्या विमानांतून मनुष्य जिवंत खालीं कसा येईल, या विचारानें कॅलथ्रॉप आतां झपाटला गेला. १९१३ सालीं त्यानें हवाई छत्रीचें पेटंट घेतलें आणि तिला 'गार्डियन एंजल', म्हणजे रक्षक देवदूत, असें नांव दिलें. छत्री वैमानिकाच्या पाठीवर नसून विमानाला लटकविलेल्या पेटींत घडी घालून ठेवलेली असे. उडी मारतांच माणसाच्या भारानें ती बाहेर ओढली जाऊन उघडे. दोऱ्या गुंतूं नयेत आणि कापड ठराविक क्रमानें सुटावें, यावर त्याचा सारा भर होता. १९१६ सालीं तर दाबलेल्या हवेच्या जोरानें वैमानिकास आसनासह बाहेर फेंकण्याची योजनाहि त्यानें नोंदविली.

या वेळीं महायुद्ध चालू होतें आणि विमानें रोज जळत होतीं. १९१७ च्या आरंभीं ऑर्फर्डनेस येथें छत्रीच्या चाचण्या यशस्वी झाल्या. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ऑर्ड-लीस या अधिकाऱ्यानें, जो शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेंतून वांचून आला होता, लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्सवर उडी घेऊन दाखविली. पूल पाण्यापासून अवघा दीडशें फूट. एवढ्या थोड्या अंतरांतहि छत्री उघडली. शत्रूच्या मागें हेर उतरविण्यासाठीं तिचा उपयोग झाला. १९१८ च्या ऑगस्टांत अलेस्सांद्रो तांदुरा हा इटालियन सैनिक तिच्याच साह्यानें रात्रीं शत्रूव्याप्त मुलखांत उतरला. पण ज्यांच्यासाठीं ती मुख्यतः केली त्या ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत ती नित्य वापरास मिळाली नाहीं. वजन, जागा, विमानाच्या गतीवर होणारा परिणाम अशीं कारणें पुढें करण्यांत आलीं. हातीं छत्री असली तर वैमानिक विमान लवकर सोडून देतील अशी भीतिहि अधिकारीवर्गांत होती असें पुष्कळांनीं लिहिलें आहे. जर्मन वैमानिक मात्र १९१८ सालीं छत्र्या बांधून उडूं लागले होते. कापसाच्या गाठीसाठीं पांच टनांचा आंस मान्य करून घेणारा मनुष्य स्वतःच्या देशांतील तरुणांसाठीं एक रेशमी छत्री मान्य करून घेऊं शकला नाहीं. यांत दोष यंत्राचा नव्हता. गाडी चालली तर कंपनीस लाभ होता, आणि वैमानिक वांचला तर तो लाभ कोणाच्या वहींत जमा धरावयाचा हेंच ठरलेलें नव्हतें.

छत्रीच्या प्रयोगांवर कॅलथ्रॉपनें स्वतःचा पैसा घातला. अरबी घोड्यांची त्याला मोठी आवड होती आणि १९२० सालीं घोड्यांस प्रेमानें शिकविण्याविषयीं त्यानें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. ३० मार्च १९२७ रोजीं तो वारला. मिरजेचा मार्ग पुरा झाला त्याच वर्षीं.

बार्शी लाइट रेल्वे १९५४ सालीं सरकारनें विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेंत सामील झाली. कुर्डुवाडीच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या कित्येक पिढ्या या अडीच फुटांच्या गाड्या दुरुस्त करण्यांत गेल्या. त्यांतील कोणाच्या हातच्या युक्तीला पेटंटाचा नंबर पडला नाहीं. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रुंदीकरणाचें काम टप्प्याटप्प्यानें झालें, आणि २००८ सालीं लातूर ते कुर्डुवाडी हा सारा मार्ग रुंद झाला. या वेळीं रूळ वळवून धाराशिव शहराजवळून नेण्यांत आले. ज्या शहराचे उतारू शंभर वर्षें येडशीस उतरत होते त्या शहराला स्वतःचें स्टेशन मिळालें. येडशीस आजहि गाडी थांबते. परंतु जिल्ह्याच्या गांवीं जाणारा उतारू आतां तेथें उतरत नाहीं.