रानातली कसोटी

कामगार चळवळीतल्या माणसाने इंग्लंडातल्या शिकारी कुत्र्यांवर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. आपल्याकडे तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी शिकारच बंद झाली. पण काम कोण करतो, ते पारखतो कोण आणि श्रेय कुणाच्या पदरात पडते, हे प्रश्न आम्हांला रोजचे आहेत. ‘फील्ड ट्रायल’ म्हणजे या कुत्र्यांची रानातली कसोटी. तिचा इतिहास वाचताना तेच प्रश्न आम्हांला पुन्हा भेटले.

हा कुत्रा जनावर फाडणारा नव्हे. तो बंदूकवाल्याचा मदतनीस. पॉइंटर आणि सेटर हे वाऱ्यावरून पक्ष्याचा माग घेतात व वास लागताच जागच्या जागी थिजून दिशा दाखवतात. स्पॅनियल झुडपे धुंडाळून पक्षी उठवतो. रिट्रीव्हर पडलेला पक्षी हुडकून, त्याला दात न लावता, हातात आणून देतो.

असा कुत्रा बाळगणे ही एके काळी गरिबाची बिशाद नव्हती. 1671 च्या कायद्याने शिकारीचा हक्क मुख्यतः वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांपुरता ठेवला. इतरांच्या घरी शिकारी कुत्रा किंवा जाळे सापडले, तर ते जप्त करण्याचा अधिकार जमीनदाराच्या रानराख्याला मिळाला. 1828 च्या कायद्याने रात्रीच्या चोरट्या शिकारीच्या तिसऱ्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत समुद्रापार हद्दपारी ठेवली. 1831 मध्ये उत्पन्नाची अट गेली, परवाना आला. तरी रान ज्याचे होते त्याचेच राहिले.

पुढे 1859 च्या जूनमध्ये न्यूकॅसल येथे पहिले मोठे श्वानप्रदर्शन भरले, तेही केवळ पॉइंटर व सेटर यांचे. तेथे एक गंमत झाली. सेटर पारखणाऱ्या पंचाचा कुत्रा पॉइंटरांत पहिला आला आणि पॉइंटर पारखणाऱ्या पंचाचा सेटरांत! लबाडी झाली असे आम्ही म्हणत नाही. पण नुसते रूप पाहून निवाडा करायचा म्हटले की शंकेला जागा राहतेच. बाजारात शिंगे रंगवलेला बैल देखणा दिसतो. त्याची खरी किंमत औताला जुंपल्यावर कळते.

हा विचार तेथल्या जाणत्यांनाही सुचला. 18 एप्रिल 1865 रोजी बेडफर्डशर परगण्यातील साउथहिल येथे पहिली फील्ड ट्रायल झाली. जागा होती सॅम्युएल व्हिटब्रेड यांची. हे गृहस्थ मद्याच्या मोठ्या कारखान्याच्या घराण्यातले व पार्लमेंटचे सभासद. एप्रिल हा तितरांच्या शिकारबंदीचा महिना. पण पॉइंटर-सेटरांच्या कसोटीला पक्षी मारावा लागत नाही. त्याने तो शोधला व हूं की चूं न करता दाखवला की पुरे. 1874 मध्ये अमेरिकेतही टेनेसीमधील मेम्फिसजवळ अशी कसोटी झाली.

दरम्यान बंदूक बदलली. नळीच्या तोंडातून ठासण्याच्या बंदुकीची जागा मागून काडतूस भरण्याच्या बंदुकीने घेतली. झटपट बार निघू लागले, आणि हाका घालून पक्षी बंदुकांवर उडवण्याची रीत फोफावली. पक्षी दाखवणाऱ्यापेक्षा पडलेला आणून देणाऱ्याची गरज वाढली. यंत्र बदलले की कोणते कौशल्य महाग होते आणि कोणते स्वस्त, हे गिरणगावात वेगळे सांगायला नको! त्याप्रमाणे 1899 मध्ये स्पॅनियलांच्या कसोट्या सुरू झाल्या. त्याच सुमारास रिट्रीव्हरांच्याही.

या कसोटीतला काटेकोरपणा आम्हांला मनापासून आवडतो. कुत्र्याने पक्षी आणला की पंच त्याच्या बरगड्या बोटांनी चाचपतात. कुत्र्याच्या दाबाने त्या चेपलेल्या निघाल्या, तर तो बाद. हुकूम नसताना धावला, बाद. रांगेत बसून कण्हला, बाद. तेथे मालकाच्या हुद्द्याला काडीचीही किंमत नाही.

तथापि पारितोषिकाच्या यादीत नाव मालकाचे. पहाटे उठून, चिखल तुडवून, महिनोन्‌महिने पिल्लाला शिकवणारा बहुधा पगारी रानराखा असे. ज्या रानराख्यांनी गरिबांचे कुत्रे जप्त केले, त्यांच्याच वारसांच्या मेहनतीवर धन्यांचे चषक झळकले, हा इतिहासाचा मोठा उपरोध आहे.

आता तेथे काळ पालटला आहे. साधा नोकरदारही या कामात शिरतो. तो क्लबाचा सभासद होतो, प्रथम प्रेक्षक म्हणून रांगेमागून चालतो. हिवाळ्यात हाका घालायला किंवा पडलेले पक्षी गोळा करायला जातो आणि उन्हाळ्यात कापडी पुडक्यांवर कुत्र्याची परीक्षा देतो. आपला कुत्रा तो स्वतः शिकवतो व स्वतःच मैदानात नेतो. ही प्रगती लहान नव्हे. परंतु रिट्रीव्हरांच्या एका दिवसाच्या ट्रायलीत कुत्रे जेमतेम 12 मावतात. अर्ज जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकतात. आणि रान लागते ते जमीनवाल्याचेच.

म्हणून आम्ही म्हणतो, रूपावर नव्हे तर कामावर पारख व्हावी, हे तत्त्व सोन्यासारखे आहे. ते माणसांनाही लागू करावे. मात्र कसोटी खरी असून भागत नाही. कसोटीला उतरण्याची वाट सर्वांना मोकळी हवी, आणि ज्याने घडवले त्याचे नाव यादीत यायला हवे. एवढे झाले, तरच निकालाला न्याय म्हणता येईल.