गोदावरीच्या अलीकडे राहिलेला दिवाण

पाळीपाळीने खेळायच्या युद्धखेळांत एक वाद कधी मिटत नाही: आपली एखादी तुकडी जाणूनबुजून मरायला सोडावी की नाही? ‘बॅटल फॉर वेसनॉथ’सारख्या काल्पनिक राज्यांच्या खेळात हा सरळ जमाखर्चाचा प्रश्न होतो. मागच्या लढाईतून तावूनसुलाखून निघालेला गडी पुढच्या लढाईत परत बोलवायला साधारण २० मोहरा पडतात, नवखा भरती करायला बहुधा त्याहून कमी. तेव्हा मुरलेला जपावा आणि नवखा पुढे घालावा. बुद्धिबळात प्यादे देऊन डाव मोकळा करतात, त्याच जातीचा हा विचार. खऱ्या रणात तो कितपत टिकतो हे तपासायला बीड जिल्ह्यातले राक्षसभुवन फार सोयीचे आहे. गेवराई तालुक्यातले हे गाव आज शनीच्या देवस्थानासाठी ओळखले जाते. १० ऑगस्ट १७६३ रोजी इथे हैदराबादच्या निजामअलीचा दिवाण विठ्ठल सुंदर आपल्या फौजेसह गोदावरीच्या दक्षिण तीरावर राहिला आणि मारला गेला. त्या एकाच मोहिमेत मराठ्यांनी पुणे सोडले होते, लाखोंचा मुलूख देऊ केला होता. आणि निजामाने आपली निम्मीशिम्मी फौज गमावली. सोडले दोघांनीही, पण फळले एकालाच. माझ्या मते फरक सोडलेल्या गोष्टीच्या किमतीत नव्हता. ती सोडल्यामुळे शत्रूचा पुढचा मार्ग अडला की नाही, आणि मागे उरलेल्यांना ती का सोडली हे पटले की नाही, या दोनच गोष्टींत तो होता.

पानिपत होऊन अडीच वर्षे झाली होती. नानासाहेब पेशवे गेले होते, त्यांच्या जागी आलेले त्यांचे चिरंजीव माधवराव अठरा वर्षांचे होते आणि चुलते राघोबादादा कारभार आपल्या मुठीत धरून बसले होते. दादांनी अनेक सरदार दुखावले. मिरज गमावलेले गोपाळराव पटवर्धन निजामाला जाऊन मिळाले. नागपूरकर जानोजी भोसल्यांना विठ्ठल सुंदराने साताऱ्याच्या गादीवरच्या अधिकाराचे आमिष दाखवून आधीच वळवले होते. हा विठ्ठल सुंदर ‘राजा प्रतापवंत’ म्हणून मिरवणारा मुत्सद्दी ब्राह्मण. मराठी सरदारांतली फूट त्याच्याइतकी कुणी ओळखली नव्हती. १७६३ च्या उन्हाळ्यात ही सगळी जमवाजमव पुण्यावर चालून आली. पेशवे समोर उभे ठाकलेच नाहीत. ते वऱ्हाडात भोसल्यांच्या मुलखात आणि पुढे हैदराबादच्या रोखाने निजामाच्या प्रदेशात धुमाकूळ घालत राहिले. पेशव्यांचे कुटुंब सिंहगडावर गेले आणि पुणे उघडे पडले. ज्या घराने खंडणी भरली ते वाचले, ज्याने भरली नाही ते पाडले किंवा जाळले गेले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हा बळी कसला, ही तर लाचारी! पुण्याला शहरकोट नव्हता, फौज अपुरी होती, राखता येत नव्हते म्हणून गेले. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. पेशव्यांच्या घराण्याला हा डाव नवा नव्हता. १७२८ साली माधवरावांच्या आजोबांनी, थोरल्या बाजीरावांनी, निजामअलीचा बाप निजामुल्मुल्क पुण्यात शिरला असतानाही तिकडे पाठ फिरवली आणि त्याच्याच मुलखावर दौड करून त्याला बाहेर ओढून काढले. घाई साधावी म्हणून निजामाने जड तोफखाना मागे टाकला आणि पालखेडला पाण्यावाचून कोंडला गेला. तोफा टाकून त्यानेही काही सोडलेच होते की! पण त्यातून मिळालेला वेग त्याला नेमका बाजीरावांना हव्या त्या जागी घेऊन गेला. १७६३ मध्ये पुणे जळताना परत फिरण्याचा मोह पेशव्यांना नक्कीच झाला असेल. फिरले असते तर लढाई निजामाच्या सोयीने झाली असती. हातचे जाते आहे हे दिसत असताना आपली चाल न बदलणे, एवढ्यानेच लाचारीचा डाव होतो. अर्थात त्याची किंमत शनिवारवाड्याने भरली नाही, कसब्यातल्या आणि पेठांतल्या बिऱ्हाडांनी भरली, आणि त्यांना कुणी विचारले नव्हते. डाव साधला म्हणून ते कर्ज फिटले असे मला वाटत नाही. परंतु पुण्यातल्या वसुलीत निजामाचे दिवस गेले, पावसाळा तोंडावर आला आणि छावणीसाठी तो औरंगाबादच्या वाटेला लागला. औरंगाबाद नदीच्या पलीकडे. पेशव्यांनी पुणे देऊन मिळवली ती श्रावणातली गोदावरी.

दुसरी सोडलेली गोष्ट कागदावरची होती. राघोबादादांनी जानोजींशी गुप्त बोलणे लावले आणि ३२ लाखांचा मुलूख देण्याचे कबूल केले. फौजेच्या पगाराची तक्रार पुढे करून जानोजी ऐन वेळी निजामाच्या तळापासून दूर झाले. ज्याने पेशव्यांविरुद्ध शस्त्र धरले त्यालाच बक्षीस दिले म्हणून दादांवर टीका होते, आणि ती रास्त आहे. जानोजी स्वतःच्या सोयीशिवाय कुणाचेच नव्हते. पण लढाईच्या हिशेबात पाहा. एका कराराने निजामाच्या बाजूची एक मोठी फौज एकही गोळी न झाडता वजा झाली. शिवाय दिलेले परत घेता येते. माधवरावांनी १७६६ मध्ये त्यातला २४ लाखांचा मुलूख जानोजींकडून परत काढला आणि १७६९ मध्ये कनकापूरच्या तहात त्यांना पुरते वाकवले.

आता नदीकाठ. पैठणच्या नाथसागराने पुराचे पाणी अडवल्यानंतरची गोदावरी पाहून त्या दिवसाची कल्पना येत नाही. धरण नसताना श्रावणात या पात्राला उतार नसे. नावा आणि नावाडी मिळतील तेवढ्याच खेपा. हत्ती, तोफा, बाजारबुणगे, सावकार, जनानखाना हे सारे एका वेळी पार होणे अशक्य. निजामअली स्वतः निवडक फौजेसह आधी उत्तर तीरावर गेला. विठ्ठल सुंदर उरलेली फौज आणि अवजड सामान घेऊन अलीकडे राहिला, आणि मराठे अंदाजापेक्षा लवकर येऊन भिडले. लढाई एकतर्फी नव्हती. राघोबादादा शत्रूच्या गराड्यात सापडले, तेव्हा माधवरावांनी राखीव फौज घालून त्यांना सोडवले आणि तिथून रंग पालटला. दिवाण पडला, फौज उधळली. समोरच्या काठावर निजाम होता, त्याच्या तोफा होत्या, पण मधले पाणी ओलांडून माणूस पाठवणे त्याच्या हाती नव्हते.

कुणी म्हणेल, नदी ओलांडताना कुणीतरी शेवटी राहणारच. पिछाडीचे कामच ते. शिवाय निजाम वाचला, त्याचे घराणे आणखी १८५ वर्षे राज्य करत राहिले, आणि त्यातला बहुतेक काळ हा बीडचा मुलूखही त्याच्याकडेच होता. मग दिवाणाचे मरण वाया कसे? माझे उत्तर असे, की पिछाडी ठेवायची ती शत्रूला थोपवायला, आणि इथे शत्रूला थोपवले पुराने. विठ्ठल सुंदर लढला नसता तरी मराठे त्या दिवशी पलीकडे जाऊ शकत नव्हते. म्हणजे निजामाने जे दिले त्याने मराठ्यांची एकही वाट बंद झाली नाही. उलट एका मोठ्या फौजेची दोन शकले करून त्यातले एक त्यांच्या तावडीत ठेवले. शिवाय दिले ते प्यादे नव्हते. जानोजी आणि गोपाळराव ज्या माणसाच्या शब्दावर आले होते तोच गेला, तेव्हा उरलेल्या आघाडीला धरून ठेवणारा दोराच तुटला. लवकरच औरंगाबादेत तह झाला आणि निजामाला ८२ लाखांचा मुलूख सोडावा लागला.

इथे खेळाचे गणित अपुरे पडते, आणि तेही एका ठरावीक जागी. वेसनॉथमध्ये काही गड्यांवर इमानी अशी खूण असते. त्यांना पोसायला दर फेरीला खर्च पडत नाही, आणि शेजारच्या घरातला सोबती तुम्ही कितीही निष्ठुरपणे मरू दिलात तरी ते इमान हलत नाही. अठराव्या शतकातल्या दख्खनेत सर्वांत आधी हलणारी गोष्ट तीच होती. गोपाळराव गेले ते मिरज गेल्यामुळे. मिरज परत मिळाली तेव्हा तेही परत आले आणि पुढे माधवरावांच्या कर्नाटकातल्या मोहिमांत पुढे राहिले. प्रत्येक सरदार डोळे उघडे ठेवून पाहत असे: आज अलीकडच्या काठावर दुसरा आहे, उद्या कोण? पुणे जळत असताना पेशवे स्वतः घोड्यावर होते, मुक्काम-दर-मुक्काम फौजेसोबत. निजाम पलीकडच्या काठावर होता. हा फरक कुठल्याच जमाखर्चात धरला जात नाही, पण पुढच्या वेळी कोण उभा राहतो हे त्यावरच ठरते.

आपला माणूस सोडावा की नाही, हा प्रश्न निजामअलीच्या नशिबी पुन्हा आला, आणि तोही फार दूर नाही. आजच्या पाटोदा-आष्टी पट्ट्याला लागून, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला मार्च १७९५ मध्ये तो किल्ल्यात अडकला. मराठ्यांनी पैसा आणि दौलताबादसह मुलूख मागितला. शिवाय दिवाण मुशीरुल्मुल्काला स्वाधीन करायला सांगितले. म्हाताऱ्या निजामाने दिवाण दिला. या वेळी मात्र दिलेला माणूस जिवंत होता, आणि तो गेला पुण्यात, शत्रूच्या कारभाराच्या ऐन मध्यभागी. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेव्हाचे पेशवे सवाई माधवराव वारले, वारसाचा घोळ सुरू झाला आणि प्रत्येक पक्षाला निजामाच्या मदतीची गरज भासू लागली. पेशव्यांचे कारभारी नाना फडणविसांनी महाडच्या करारात खर्ड्याला मिळवलेले बरेचसे सोडून देण्याचे मान्य केले. कैदेतला दिवाण १७९७ मध्ये हैदराबादेत परतला, पुन्हा दिवाणगिरीवर बसला, आणि १ सप्टेंबर १७९८ रोजी त्याच्याच कारकिर्दीत निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली.