दाखल्यातलं नाव

आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कचेरीत जा, तिथं निम्मा कारभार फारसी-अरबीत चालतो. कागद फारसी, दफ्तर फारसी, नमुना फारसी. दाखला, अर्ज, नक्कल, तारीख, मुदत, वारस, हुकूम, मंजूर, रद्द ही मंडळी अरबस्तानातून निघाली आणि फारसीच्या वाटेनं येऊन मराठीच्या पंगतीला बसली. 'सही' हा शब्दसुद्धा अरबी 'सहीह'चा. अर्थ एवढाच, की 'बरोबर आहे'. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. त्यातले काही रुळले, पण अर्ज हटला नाही. मी मराठीत कविता लिहितो. माझं आडनाव ऐकून कुणी विचारतं, 'तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?' तेव्हा मी त्यांना त्यांच्याच खिशातल्या एखाद्या दाखल्यावरचे शब्द मोजायला सांगतो.

माणूस जन्मला हे सरकारला कळावं म्हणून गावोगाव एक वही असे. 'गाव नमुना नंबर चौदा' हे तिचं सरकारी नाव. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. जुनी पानं मोडीत आहेत. त्यात बापाचं नाव सापडतं, जात सापडते, मुलगा की मुलगी हे सापडतं. पण बाळाचं नाव पुष्कळदा सापडत नाही, कारण नोंद बारशाच्या आधीच होऊन जायची. पुढं कुणी जाऊन नाव भरायचं, असा रिवाज नव्हता. ही वही धूळ खात पडून होती. २०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कचेऱ्यांतले हे जीर्ण गठ्ठे सुटले आणि मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव आला. पणजोबांच्या नावापुढची दोन अक्षरं पणतवाच्या कॉलेजच्या प्रवेशापर्यंत पोचतात, हे तेव्हा पुष्कळांनी पहिल्यांदा पाहिलं.

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभर एकच कायदा व्हायला १९६९ साल उजाडलं. कायदा झाला म्हणून खेड्यातली बाळंतीण काही लगेच ग्रामपंचायतीत गेली नाही. माझ्या वयाच्या अनेकांचा जन्माचा पहिला पुरावा म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. आई सांगायची, 'पेरणी झाली होती, पाऊस लागला होता.' गुरुजींना तारीख हवी असायची. मग ते वयाचा अंदाज घेऊन एक जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेल्या माणसांची जी गर्दी आहे, ती त्या गुरुजींची लेकरं. हसू नका, त्या तारखेवर लोक नोकरीला लागले आणि निवृत्तही झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात वय ठरवताना आधार कार्डावरची तारीख बाजूला ठेवली आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची धरली. एक जूनचं वजन अजून कमी झालेलं नाही.

आणखी एक गंमत पाहा. आपल्याकडं ज्या कामासाठी कागद निघतो, ते सोडून बाकीच्या सगळ्या कामांना तो लागतो. मुंबईत रेशनिंग सुरू झालं १९४३ साली, महायुद्धाच्या टंचाईत. धान्य वाटायचं एवढाच त्या कार्डाचा हेतू. पण पुढची साठ-सत्तर वर्षं घराचा पत्ता, कुटुंबातली माणसं, नाव, सगळं त्याच कार्डावरून सिद्ध व्हायचं. २०१५ च्या केंद्र सरकारच्या आदेशात तर लिहूनच टाकलं, की रेशनकार्ड हा ओळखीचा किंवा रहिवासाचा पुरावा म्हणून वापरू नये. तोवर त्याच्या घड्या उलगडून उलगडून फाटल्या होत्या. शेषनसाहेबांच्या काळात, १९९३ साली, मतदाराच्या फोटोच्या ओळखपत्राचा निर्णय झाला. ते मतासाठी होतं. ते बँकेत चाललं, एसटीत चाललं, सिमकार्डाला चाललं.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. आम्ही गावचे मुलाणी. मशिदीची व्यवस्था बघायची, जत्रेला, लग्नाकार्याला बकरं हलाल करून द्यायचं आणि सुगीला बलुतं मागायचं, ही मुलाणकी. म्हणून सात-बारावर आमचं घराणं 'मुलाणा'. शाळेत गुरुजींनी 'मुलाणी' लिहिलं. चुलते गिरणीत लागले, तिथं मुकादमानं 'शेख' लिहिलं आणि त्यांच्यामागून आमच्या रेशनकार्डावरही शेखच आलं. तांबोळी, अत्तार, बागवान, शिकलगार अशा सगळ्यांच्या घरी हा घोळ आहे. धंद्यानं एक नाव दिलं, शाळेनं दुसरं, शहरानं तिसरं. गावात याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. पंचाईत झाली ती २००९ साली.

त्याचं असं झालं. हजला जाणाऱ्यांना पूर्वी पूर्ण पासपोर्ट लागत नसे. त्या यात्रेपुरती एक पुस्तिका मिळायची, तिला पिलग्रिम पास म्हणत. इंग्रजी अमदानीतसुद्धा हा विषय किचकटच होता. मुंबई बंदरातली यात्रेकरूंची आबाळ थांबावी म्हणून १८८६ साली सरकारनं चक्क थॉमस कुक कंपनीला व्यवस्था बघायला नेमलं होतं. आमचे आजोबा बोटीनं गेले. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात मुक्काम, मग जहाज. त्यांना पासपेक्षा बोटीतल्या उलट्यांचीच आठवण जास्त. १९९५ पासून बोटी थांबल्या, विमानं राहिली, पास मात्र चालू होता. २००९ च्या हजपासून सौदी सरकारनं आंतरराष्ट्रीय पासपोर्ट सक्तीचा केला आणि कधी तालुक्याचं गाव न ओलांडलेल्या म्हाताऱ्या माणसांना पासपोर्टच्या रांगेत उभं राहावं लागलं.

त्यात आमची अम्मा होती. वय पासष्टच्या पुढं. शाळेचं तोंड न पाहिलेली, त्यामुळं दाखला नाही. कोतवाल बुकात तिच्या वडिलांच्या नावापुढं 'मुलगी' एवढंच. तिचं नाव मी इथं सांगत नाही, तिला ते आवडलं नसतं; पण नावाचं शेपूट सांगतो. रेशनकार्डावर ते 'बी' होतं, मतदार यादीत 'बीबी' आणि बँकेच्या पासबुकात 'बेगम'. आडनावं वर सांगितलीच. तिचं नाव असलेला सगळ्यात जुना कागद म्हणजे निकाहनामा. काझीनं लिहिलेला, उर्दूत, उत्तम अक्षरात. काझींच्या नेमणुकीचा कायदा १८८० सालचा, तेव्हा हा कागद काही कालपरवाचा प्रकार नव्हे. पण खिडकीतल्या साहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, 'मावशी, हे वाचायचं कुणी?' मी म्हटलं, मी मराठीत उतरवून देतो. ते म्हणाले, 'तुम्ही मुलगा ना यांचा? मग तुमचं चालणार नाही.' त्यांचंही बरोबर होतं. साऱ्या जन्मात माझ्या भाषांतरावर झालेली एवढी नेमकी टीका दुसरी नाही.

मग स्टॅम्पपेपर आला. 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, खालील सर्व नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.' हे वाक्य मी तिला दख्खनीत समजावून सांगितलं. ती म्हणाली, 'नाम तो एकच है रे, लिखनेवाले अलग अलग.' आणि अंगठा उठवला.

हा अंगठा उठवणंही आपल्याच देशातून जगभर गेलं. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढं त्यानं करार नाकारू नये, एवढाच हेतू. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं सरकारी खातं निघालं. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचे कष्ट होते. पद्धतीला नाव लागलं त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं. आणि २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात आधारचे पहिले क्रमांक वाटले गेले. दहा बोटं, दोन डोळे. अम्मानं चाळीस वर्षं भांगलण केली होती, शेंगा फोडल्या होत्या. स्टॅम्पपेपरवर शाई होती म्हणून निभावलं. यंत्रावर तिची बोटं तीनदा पुसली तरी रेघा उमटेनात. चौथ्या खेपेला दुसऱ्या केंद्रावर जमलं.

पासपोर्टचं पोलीस चौकशी, त्रुटीचं पत्र, पुन्हा प्रतिज्ञापत्र असं करत ते वर्ष गेलं. तिच्या बरोबरीच्या दोघीजणी २००९ ला जाऊन आल्या. तिनं त्यांच्याकडून झमझमचं पाणी घेतलं आणि काही बोलली नाही. तिच्याकडं आता आणखी किती वर्षं आहेत, हा हिशेब घरात सगळ्यांच्या मनात होता आणि कुठल्याच अर्जात त्याला रकाना नव्हता. पासपोर्ट आला तेव्हा तिनं तो मला वाचायला लावला. त्यात 'बीबी' होतं आणि 'मुलाणी' होतं. २०१० ला ती थोरल्या भावाबरोबर जाऊन आली.

२०१७ साली ती गेली. मृत्यूच्या दाखल्यासाठी धाकट्या भावानं पासपोर्टच पुढं केला, त्यामुळं तिथं नाव बरोबर आलं. सात-बारावर मात्र ती 'मुलाणा' आणि 'बी' आहे. तलाठ्याला आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात. वारस नोंदीला गेलो तेव्हा भाऊसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, 'या दोघी बहिणी का?' आम्ही सगळी भावंडं तहसीलला गेलो आणि पुन्हा स्टॅम्पपेपर घेतला.