रोजगार मेळावा (जालना औद्योगिक क्षेत्र)

रोजगार मेळावा : नियोक्ते व नोकरीइच्छुक यांची एकाच जागी गाठ घालून देणारा भरतीचा कार्यक्रम. महाराष्ट्रात तो मुख्यतः कौशल्य विकास खात्याच्या जिल्हा केंद्रामार्फत ‘पंडित दीनदयाल उपाध्याय रोजगार मेळावा’ या नावाने भरतो. रिक्त पदे व पात्रता ‘महास्वयम्’ संकेतस्थळावर आधी दिली जातात. उमेदवाराने तेथे नोंदणी करून पदे निवडावीत आणि बायोडेटाच्या प्रती व मूळ प्रमाणपत्रे घेऊन यावे, अशी पद्धत आहे. १९५९च्या कायद्याने २५ वा अधिक कामगारांच्या खाजगी आस्थापनांना रिक्त पदे सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक केले. त्या कार्यालयामार्फतच भरती करण्याची सक्ती मात्र केली नाही. मेळाव्यात नियोक्ता स्वतः समोर येतो, हे त्याचे खरे मोल.

जालन्यात या भेटीला विशेष महत्त्व आहे. एमआयडीसीतील पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून सळई तयार होते. तेथे फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, क्रेन ऑपरेटर लागतात. १९६४मध्ये महिको ही बियाणे कंपनी स्थापन झाल्यापासून वाढलेल्या बियाणे उद्योगातील प्रक्रिया व पॅकिंगचे काम बरेचसे हंगामी असते. शिवाय पुष्कळ कामगार ठेकेदारामार्फत घेतले जातात. म्हणून पदाचे नाव व पगाराचा आकडा एवढ्यावर निवड करणे अपुरे ठरते. नेमणूकपत्र कंपनी देणार की ठेकेदार, काम बारमाही आहे का, पाळी किती तासांची, भविष्यनिर्वाह निधी व ईएसआय लागू आहेत का, हे तिथेच विचारावे. पद शिकाऊ उमेदवाराचे असल्यास १९६१च्या कायद्यानुसार विद्यावेतन मिळते, कायम नोकरीची हमी मिळत नाही.

असे प्रश्न विचारल्यास संधी हातची जाईल, असा आक्षेप घेतला जातो. गरजू उमेदवाराची ही भीती खरी आहे. पण रास्त अटी देणाऱ्याला त्या सांगण्यात अडचण नसते, आणि एकाच दिवशी अनेक नियोक्ते समोर असताना तुलनेची सोय नंतर क्वचितच मिळते. जाहीर होणारी ‘प्राथमिक निवड’ म्हणजे नेमणूक नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. पुढची मुलाखत वा वैद्यकीय तपासणी बाकी असू शकते.



मेळाव्याचे यश निवडींच्या संख्येपेक्षा सहा महिन्यांनी कामावर टिकलेल्यांवरून मोजावे. उमेदवाराने नियोक्त्याचे नाव, पद व संपर्क लिहून घ्यावा आणि आठवड्याभरात पाठपुरावा करावा.