थळचा किनारा आणि लाकडाची घट

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे समोर खांदेरी व उंदेरी ही बेटे दिसतात. इ. स. १६७९ च्या ऑगस्टात शिवछत्रपतींच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी खांदेरीच्या तटबंदीस आरंभ केला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी जहाजे आणून बेटाची वाट अडविली. तरीही या किनाऱ्यावरून रात्रीच्या अंधारात लहान होड्या सामान पोचवीत राहिल्या, आणि १६८० च्या आरंभी इंग्रजांस समेट करावा लागला.

लढणाऱ्यांची नावे इतिहासाने राखली. सामानाचा अदमास करणाऱ्यांची राखली नाहीत. वेढ्यात कमी पडलेला जिन्नस दुसऱ्या दिवशी मागविता येत नाही. अदमास ही आपल्या सुतार ज्ञातीचीही मूळ विद्या होय.

पूर्वी मोजणी गज व तसू यांनी होई; २४ तसूंचा गज, म्हणजे २७ इंच. पुढे इंग्रजी अमदानीत फूट आला आणि त्याबरोबर ओंडका मोजण्याची चौथाई घेराची रीतही रूढ झाली. इंग्लंडातील एडवर्ड हॉपस याने १७३६ साली या रीतीची कोष्टके छापली होती. ४ फूट घेराचा व १२ फूट लांबीचा ओंडका या रीतीने १२ घनफूट भरतो. गोलाईने मोजल्यास तो सुमारे सव्वापंधरा घनफूट असतो. मधले सव्वातीन घनफूट साल, कच्चे लाकूड व बाकदार कडा यांसाठी आधीच सोडलेले असतात. घट ही मापातच मान्य केलेली आहे, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

आता १५ फूट लांब व १२ फूट रुंद माळ्याची तक्तपोशी घ्या. क्षेत्र १८० चौरस फूट. फळी ६ इंच रुंद असून तिची अर्धा इंच जीभ शेजारच्या खाचेत गेली, तर साडेपाच इंचच झाकले जातात. म्हणून फळ्या सुमारे १९६ चौरस फूट लागतात. गाठी, चिरा व टोकांच्या कापणीसाठी शेकडा १० धरले, की २१६ होतात. इंचभर जाडीने हे १८ घनफूट झाले. वरील मापाचे दोन ओंडके आणले, तर उरलेले ६ घनफूट करवतीचा भुसा व रंध्याचा छिलका यांस पुरवावयाचे असतात.

हा हिशेब न सांगितल्यामुळेच आपल्या वडीलधाऱ्यांना ‘धन्याचे लाकूड सुताराच्या घरी गेले’ असा बोल अनेकदा ऐकावा लागला. त्यांचे हात स्वच्छ होते. परंतु हिशेब डोक्यात होता, कागदावर नव्हता. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, तरी बोल लावणारी जीभ बदलली नाही.

म्हणून तरुण ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती आहे की, काम धरण्यापूर्वी घट लिहून द्यावी व काम संपल्यावर उरलेले तुकडे धन्यासमोर मोजावेत. अब्रूच्या अदमासात मात्र घट धरण्याची सोय नाही.