दात्याच्या किडनीसोबत आलेली बुरशी

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. भाऊ एकसारखे जुळे असल्याने शरीराने ती नाकारली नाही. इतर रुग्णांना मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात आणि तिथेच बुरशीला वाव मिळतो.

पण ही बुरशी येते कुठून? फ्रान्समधील डॉक्टरांनी १९९७ ते २००५ या काळातील किडनी प्रत्यारोपणे तपासली. हजारात सुमारे एका रुग्णाला नव्या किडनीच्या जागी कॅन्डिडा बुरशीचा संसर्ग झाला होता. जनुकीय तपासणीत दात्याकडची, किडनी ठेवलेल्या थंड द्रावणातली आणि रुग्णातली बुरशी एकच निघाली. म्हणजे ती अवयव काढतानाच शिरली होती. दात्याच्या आतड्याला इजा झालेली असल्यास असे घडू शकते. ही बुरशी किडनीची रक्तवाहिनी पोखरते. त्यामुळे काहींची नवी किडनी काढावी लागली, काही रुग्ण दगावले.

म्हणून आता अनेक ठिकाणी त्या द्रावणाचे कल्चर करतात आणि बुरशी आढळल्यास लगेच उपचार सुरू करतात. धोका दुर्मीळ आहे, त्यामुळे प्रत्यारोपणाला घाबरू नका. मात्र प्रत्यारोपणानंतर ताप किंवा पोटदुखी अंगावर काढू नका.